नाकवाल्यांची गाडी

बॉनेट उघडलं आणि दादाचा हात तिथेच थांबला. इंजिन ठीक होतं, पट्टा ठीक होता, तेल हवं तेवढं होतं. पण सायलेन्सरकडे उतरणाऱ्या वायरींची जुडी निळ्या क्लिपने बांधलेली होती. दादा आयुष्यात कधी निळी क्लिप वापरत नाही. तो काळी वापरतो, तिचं उरलेलं टोक अगदी मुळाशी कापतो आणि आतल्या बाजूला वळवतो, म्हणजे पुढे हात घालणाऱ्याला ओरखडा येत नाही. ही क्लिप कुणीतरी भराभर ओढून, टोक तसंच ठेवून लावली होती. वडिलांच्या गाडीला दुसरा हात लागला होता, आणि तो कुणाचा हे ओळखायला दादाला चष्मा लागला नाही.

माणसं बायकोच्या पर्समधली चिठ्ठी बघून जशी पांढरी पडतात तसा हा बावन्न वर्षांचा गृहस्थ एका प्लास्टिकच्या पट्टीकडे बघून पांढरा पडला. हसू येण्यासारखंच आहे. पण गेली अठ्ठावीस वर्षं त्या गाडीचा प्रत्येक नट त्याने स्वतः आवळला होता. इंजिनाच्या दोन जन्मांइतकं तिचं वय झालं होतं, आणि तिसरं इंजिनही त्यानेच बसवलेलं.

दादा हे काही त्याचं नाव नव्हे. सख्खी बहीण दादा म्हणायची म्हणून गल्ली म्हणायला लागली, आणि आता गिऱ्हाइकं, पोस्टमन, समोरचा न्हावी, सगळ्यांचाच तो दादा आहे. गॅरेज वडिलांकडून आलेलं. एक खड्डा, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, भिंतीवर प्रत्येक पान्ह्याची आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवर तोच पान्हा टांगलेला. एक पान्हा जरी चुकून दुसऱ्याच्या जागी गेला तरी दादाला त्या दिवशी जेवण जात नाही.

आणि वडील. त्यांना सगळे नाकवाले म्हणतात. गाडी चालू करायची, मागे जाऊन वाकायचं, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून तो धूर नाकापर्यंत आणायचा आणि डोळे मिटून निदान सांगायचं, ही त्यांची पद्धत. "पेट्रोल जास्त जातंय." "तेल जळतंय, रिंगा गेल्या." एकदा एका बड्या माणसाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "गाडीला काही झालेलं नाही, तुम्हालाच झालंय. ब्रेकवर पाय ठेवून चालवता." तो बडा माणूस पुढे वीस वर्षं त्यांच्याकडेच येत राहिला.

दोन्ही मुलांना त्यांनी शाळेच्या कपड्यांत उभं करून धूर हुंगायला शिकवलं. धाकटीला सगळे ठिणगी म्हणत, कारण ती पेटायला वेळ घेत नसे. बाबांनी "काय म्हणते गाडी?" असं विचारायचा अवकाश, की हिचं उत्तर तयार. दादाही चुकत नसे, पण त्याला वेळ लागे. तो मनाशी सगळं ताडून, पडताळून तोंड उघडेपर्यंत ठिणगी बोलून मोकळी झालेली असे आणि बाबांचा हात तिच्या पाठीवर पडलेला असे. आपल्यालाही तेच ठाऊक होतं, हे मग दादा कुणाला सांगणार? ते त्याच्या पोटात राहिलं आणि तिथंच आंबलं.

पुढे गॅरेज मिळालं ते दादाला. मुलगा म्हणून. हे 'म्हणून' त्याच्या घशात अडकलं ते आजपर्यंत खाली उतरलेलं नाही. ठिणगीने रीतसर शिक्षण घेतलं, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली आणि पाच वर्षांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसडेपोच्या मागे, स्वतःचं वर्कशॉप काढलं. फरशी पाय घसरेल इतकी स्वच्छ. गाडी उचलणारी यंत्रं दोन. वायर जोडली की गाडीचं दुखणं पडद्यावर लिहून दाखवणारा स्कॅनर. दादा ते बघायला गेला होता, पण रस्त्याच्या पलीकडून, डोक्यावरचं हेल्मेट न काढता. तिच्या दारात सात गाड्या होत्या. त्याने दोनदा मोजल्या आणि घरी येऊन बायकोला पाच सांगितल्या.

तरी एक गोष्ट होती जी दादाकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. बाबा रोज सकाळी अकराला आपल्या गाडीतून दादाच्याच गॅरेजवर येत. चहा घेत, एखादी अडलेली गाडी असली तर तिच्या मागे वाकत, काय ते सांगत आणि मग गावाबाहेर राहणाऱ्या आपल्या जुन्या मित्राकडे पत्ते खेळायला जात. हा मित्र एके काळी बस चालवायचा, दोन्ही मुलं त्याला काका म्हणत. आता खुब्याचं हाड मोडल्यामुळे घरीच असतो. एवढा एक अकराचा चहा दादाने जपून ठेवला होता, आणि आज त्याच गाडीत ही निळी क्लिप.

"ठिणगीकडे नेली होतीत?" दादाने आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"तिनं बघितली जरा," बाबा कपात बघत म्हणाले. "तो पिवळा दिवा लागत होता समोर. गाडी मध्येच आचके देत होती. तिनं मशीन लावलं. ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणे."

"आणि काय म्हणाली?"

"सेन्सर मागवलाय. आठ-दहा दिवसांत येईल. तोवर गाडी माझ्याकडे ठेवा, चालवू नका म्हणाली. मी नाही म्हटलं. मला रोज जायचं असतं."

दादाने पान्हा खाली ठेवला. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. अंगठ्याएवढी वस्तू. सायलेन्सरच्या नळीत बसून धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवते, त्यावरून तो पेट्रोल कमीजास्त करतो. ती बिघडली की कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल ओततो. गाडी जास्त पिते, थोडा काळा धूर सोडते, पण चालते. आठ-दहा दिवसांत आभाळ कोसळत नाही. हे दादाचंच मत होतं असं नाही. मागच्या महिन्यात शाळेतल्या गणिताच्या बाईंच्या गाडीला हेच झालं होतं, आणि याच ठिणगीने त्यांना सांगितलं होतं, "सेन्सर येईपर्यंत चालवा. लांब जाऊ नका, आणि वेगळा वास आला की थांबा." बाई पंक्चर काढायला दादाकडे आल्या तेव्हा त्यांनी हे जसंच्या तसं ऐकवलं होतं, वर तिचं कौतुकही केलं होतं, आणि दादाने त्यांचं चाक जरा जोरातच आवळलं होतं.

मग बाईंना चालवा आणि बाबांना चालवू नका, असं का? दादाला उत्तर लगेच सापडलं. मत्सराला कधी उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. गाडी तिच्याकडे राहिली की बाबा तिच्याकडे जाणार. अकराचा चहा डेपोच्या मागे होणार. एकदा सवय मोडली की मोडली. इतकी गिऱ्हाइकं नेऊन तिचं पोट भरलं नव्हतं, आता बापाला न्यायला निघाली होती.

"बाबा, गाडी बसवून ठेवायची काही गरज नाही," दादा म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच आवडावा इतका त्याचा आवाज भारदस्त झाला. "चुकीचं सांगणाऱ्या सेन्सरपेक्षा गप्प बसणारा बरा. मी सेन्सरची वायरच काढून टाकतो. आचके थांबतील. गाडी तात्पुरती अशीच चालवायची."

"आणि दिवा?"

"दिवा लागू दे. त्याच्यावर टेप लावतो." त्याने खरोखरच काळ्या टेपचा चौकोनी तुकडा कापून पिवळ्या दिव्यावर चिकटवला. "अहो, तुमचं नाक आहे की. तुमच्या नाकापुढे त्या नळकांड्याची काय मातब्बरी? गाडीतून जरा जरी भलता वास आला तरी तुम्हाला सगळ्यात आधी कळणार. तसं वाटलं की मला सांगा, त्या मिनिटाला गाडी बंद."

बाबांनी कप खाली ठेवला, नाकाच्या शेंड्याला बोट लावलं आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले.

"आहे की," ते म्हणाले. "नाक आहे की."

दादाने ती निळी क्लिप कापून फेकली आणि तिथे काळी लावली.

सेन्सर आपणच आणून बसवावा म्हणून त्याने त्याच दुपारी दुकानदाराला फोन केला. दुकानदार म्हणाला, या जुन्या मॉडेलचा माल आता निघत नाही, एकच नग मिळणार आहे आणि तो ताईंनी सांगून ठेवलाय. कोणत्या ताईंनी, असं दादाने विचारलं. "तुमच्याच ताईंनी हो," दुकानदार हसत म्हणाला. दादाने फोन ठेवला आणि बराच वेळ एक स्वच्छ प्लग पुन्हा स्वच्छ करत बसला.

संध्याकाळी घरी त्याची धुसफूस ऐकून बायको म्हणाली, "अहो, सेन्सर बिघडलाय गाडीचा आणि काळा धूर निघतोय तुमच्यातून."

"तुला गंमत वाटते. ती बाबांना तोडतेय माझ्यापासून."

"पाच वर्षांत बहिणीच्या वर्कशॉपात एकदा गेला नाहीत तुम्ही. कोण कुणाला तोडतंय?"

दादाने यावर ताटातल्या भाताकडे लक्ष दिलं.

पुढचे आठ दिवस मात्र, खरं सांगायचं तर, त्याचे सुखाचे गेले. बाबांची गाडी रोज त्याच्या दारात. आचके थांबले होते. रोज तो बॉनेट उघडायचा, बघितल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "काही नाही, मस्त आहे." काही नाही कसं? पेट्रोलचा काटा रोज बघता बघता खाली येत होता. हे बाबांच्या लक्षात आलं तर ते ठिणगीशी बोलतील, म्हणून बाबा चहा पीत असताना दादा डब्यातलं पेट्रोल गुपचूप टाकीत ओतायचा. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरत होती. ती तो फडक्याने पुसायचा. चोराने स्वतःच्या घरातलं सामान स्वतःच लपवावं तसा हा प्रकार. चांगला कारागीर असून तो आठ दिवस बिघाड दुरुस्त करायचं सोडून पुसत होता, आणि हे सगळं बहीण खोटी ठरावी म्हणून.

शिवाय बाबा या दिवसांत फार खुशीत होते. पाचव्या दिवशी एक टेम्पो अडला होता. दादाला वाटत होतं की व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल गळतंय, पण खात्री होईना. बाबा मागे जाऊन वाकले, हात नाकाशी नेला, दादाकडे वळून म्हणाले, "पेट्रोल जास्त..." आणि थांबून, "नाही. तेलच. वरून उतरतंय." दादाने उघडून बघितलं, सील गेलेली. त्या दिवशी त्याने समोरच्या न्हाव्याला मुद्दाम हाक मारून सांगितलं, "शहात्तर वर्षांचं नाक आहे हे. आणा म्हणावं कुणाचा स्कॅनर आणायचा तो."

नवव्या दिवशी बाबा चहा पिऊन निघाले तेव्हा गाडीने वळणावर दोनदा ठसका दिला आणि मागे वास सोडला. नुसता पेट्रोलचा नाही. सडक्या अंड्याचा. दादा दारात उभा होता, त्याच्या नाकात तो स्पष्ट शिरला. प्लग काजळलेत, पेट्रोल न जळताच पुढे जातंय, हे त्याला उमगलं. असं पेट्रोल गाडीच्या पोटाखालच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. कन्व्हर्टर म्हणजे धूर स्वच्छ करणारा लोखंडी डबा. त्यात असं पेट्रोल गेलं की तो लालभडक होईपर्यंत तापतो. दादाने हाक मारायला तोंड उघडलं. मग त्याने विचार केला, एवढा वास आपल्याला येतोय तर बाबांना दसपट येत असणार. ते काही बोलले नाहीत, म्हणजे चालण्याजोगं असेल. बाबांच्या आधी बोलायची त्याला जन्मात सवय नव्हती. गाडी वळून दिसेनाशी झाली आणि तो कामाला लागला.

त्यानंतर अर्ध्या तासाने ठिणगी आली. पाच वर्षांत पहिल्यांदा. कामाचा निळा डगला अंगात, केस रुमालाने बांधलेले, हातात सेन्सरचा खोका. दादाच्या मनात आधी काय आलं तर, हिच्या डगल्यावर एकही डाग कसा नाही.

"बाबा कुठायत?" तिने आत येता येताच विचारलं.

"गेले काकांकडे. रोजच जातात."

"गाडी घेऊन? दादा, गाडी चालू ठेवलीस तू?"

"का ठेवू नये?" दादाला आठ दिवस पाठ केलेलं वाक्य अखेर म्हणायला मिळालं. "गणिताच्या बाईंना चालवा म्हणालीस ना? तोच बिघाड, तोच सेन्सर. बाबांनाच काय झालं? की बाबांना डेपोच्या मागे बसवून ठेवायचं होतं?"

"बाईंना वास येतो, दादा."

"म्हणजे?"

"बाबांना येत नाही." तिने खोका बाकावर ठेवला. "दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना त्यांना, त्यात गेला. फुलाचा नाही, धुराचा नाही, कशाचाच नाही. गॅस सुरू राहिला तरी कळत नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गळतीची घंटी बसवून आले."

दादा बाकाला टेकला. अशा वेळी माणसाला आधी बापाची काळजी वाटावी. दादाला आधी वाटली ती दुसरीच गोष्ट. हिला माहीत होतं. दोन वर्षं. ताप आला तेव्हा उशाशी रात्रंदिवस बसला होता तो, आणि सांगितलं तिला. "मला का नाही..." त्याने सुरुवात केली.

"शपथ घातली होती मला. दादाला कळता कामा नये म्हणाले. म्हणून तर मी गाडी ठेवून घेत होते, कारण न सांगता." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? वास येत होता का गाडीला?"

"सडक्या अंड्याचा," दादा म्हणाला. "आत्ता सकाळी. मला वाटलं, ते सांगतील."

ती खोका उचलून बाहेर पळाली. दादा शटर न ओढताच तिच्या मागे गेला. तिच्या गाडीत तो पहिल्यांदाच बसत होता. ती भरधाव पण बिनचूक चालवत होती, एकही गिअर खरडला नाही, आणि त्या घाईतही दादाच्या ते नजरेत भरलं आणि खुपलं. मेल्या, बाप तिकडे आणि तुझं लक्ष कुठे, असं त्याने मनातल्या मनात स्वतःला झापलं.

काकांचं घर गावाच्या कडेला. शेजारी मोकळा तुकडा, त्यात गुडघाभर वाळकं गवत. दुपारी बारा ते एक काकांना व्यायाम द्यायला माणूस येतो, तेवढा वेळ बाबा आपल्या गाडीत डुलकी काढतात. आजही गाडी त्या गवतात उभी होती. सीट मागे टाकून बाबा डोळे मिटून पडले होते, काच अर्धी खाली. आणि गाडीच्या पोटाखालून धूर वर येत होता, पांढरा, शांत, मधूनच पिवळी जीभ दाखवणारा. कुणीही असता तर त्या वासाने खोकत उठला असता. बाबा घोरत होते.

दादाने दार उघडलं आणि बापाला काखेत हात घालून ओढलं. बाबांचे पाय गवतातून फरफटत गेले, एक चप्पल तिथेच राहिली. "अरे, काय करतोस," बाबा म्हणत होते, "काय झालं काय?" तोवर ठिणगीने काकांच्या नळाची पाइप ओढून आणली होती. दादा वळला आणि त्याने गाडी गिअरमधून काढली, दोघांनी खांदा लावला आणि गाडी रस्त्याच्या डांबरावर ढकलली. मग तिने पाणी मारलं आणि त्याने ओल्या पोत्याने गवत बडवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. दहा मिनिटांत खाली नुसता काळा ओला चट्टा उरला. गाडीचं पोट मात्र अजून टिकटिकत होतं, हात लावायची सोय नव्हती. निवायला अर्धा तास तरी जाणार होता.

तिघे काकांच्या पायरीवर बसले. आत व्यायामवाल्याचा "एक, दोन, वर, खाली" असा आवाज चालू होता. बाबा एका पायात चप्पल घालून त्या चट्ट्याकडे बघत होते.

"तिनं सांगितलं वाटतं," ते म्हणाले.

दादाने हातातलं पोतं खाली टाकलं. "जीव गेला असता तुमचा. माझ्या हातून. एका शब्दानं सांगायचं होतं, बाबा. हिला सांगितलंत आणि मला नाही. मी काय परका होतो?"

बाबा मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीच्या मागे नेलं असतंस का? खुर्चीत बसवून चहा पाजला असतास. वर्तमानपत्र दिलं असतंस. म्हाताऱ्या माणसाला देतात तसं."

"मग ही दोन वर्षं तुम्ही सांगत काय होतात? त्या सगळ्या गाड्या? तो टेम्पो?"

"तुझं तोंड बघत होतो," बाबा म्हणाले.

दादाला कळलं नाही.

"मी वाकायचो तेव्हा तुझं मनात ठरलेलं असायचं. लहानपणापासून तुझं तसंच आहे, तोंडानं बोलत नाहीस, पण तोंडावर सगळं दिसतं. मी म्हणायचो 'पेट्रोल', तुझ्या भुवया वर गेल्या की म्हणायचो 'नाही, तेल'. तुझा खांदा सैल पडला की मला समजायचं, बरोबर आलं. मला कशाचाही वास येत नव्हता रे. तू ठरवायचास आणि मी मोठ्यानं म्हणायचो." त्यांनी रिकाम्या पायाची बोटं हलवली. "दोन वर्षांत एकदाही चुकलं नाही."

 हे वाक्य ऐकायला दादाने सारं आयुष्य कान टवकारले होते, आणि ते आलं तेव्हा त्याच्या हाताला जळक्या पोत्याचा वास येत होता. त्याने सवयीने बहिणीकडे पाहिलं. हेही हिला आधीच माहीत असणार.

तिला माहीत नव्हतं. ती बाबांकडे टक लावून बघत होती, आणि तिचं तोंड लहान झालं होतं.

"माझ्याकडे तर कधी आला नाहीत," ती म्हणाली. "पाच वर्षांत एकदा. तेसुद्धा मी रस्त्यात तो दिवा बघितला आणि गाडी ओढत नेली म्हणून. रोज अकराला मी बघते, इकडे वळतात की तिकडे. एक गाडी नाही हुंगलीत माझी. आजारपण सांगायला मी, आणि कामाला हा."

"तुझ्याकडे यंत्र आहे," बाबा म्हणाले. "तुला माझी काय गरज?"

"होती," ठिणगी म्हणाली. एवढंच.

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दादाने लगेच ओळखलं. ते त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं, दाढी करताना दिसायचं. त्याला फार वर्षं वाटत आलं होतं की हिला एकदा, एकदाच, असं जळताना बघायला मिळालं की आपला जीव थंड होईल. आणि लाज वाटली तरी सांगायला हवं, की क्षणभर तसं झालंही. मग तिने डोळे पुसायला रुमाल सोडला, तिचे केस कपाळावर आले, त्यात चार पांढरे दिसले, आणि त्याचा तो गारवा कुठल्या कुठे गेला.

आतला व्यायाम संपला. काकांनी खिडकीतून हाक मारून विचारलं की पत्ते मांडायचे का, आणि बाहेर कसला धूर येतोय. बाबा उठून आत गेले, एका पायाने लंगडत.

गाडी आता टिकटिकायची थांबली होती. दादाने उठून सायलेन्सरजवळ हात नेऊन पाहिलं. काम करण्याइतकी निवली होती. त्याने बाह्या वर केल्या आणि बहिणीपुढे हात पसरला.

"दे तो सेन्सर," तो जमेल तितक्या मऊपणे म्हणाला. "तू बस जरा. मी लावतो."

ठिणगीने खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नाही," ती म्हणाली. "मी लावणार."